जुन्या संगणकाचे उघडे दार

जुने यंत्र मंद वाटू लागले की ते टाकून द्यावे, ही समजूत गेल्या काही दशकांत समाजात दृढ झाली आहे. शिवणयंत्र, सायकल, विहिरीवरचा पंप किंवा भिंतीवरचे घड्याळ यांच्या बाबतीत ती एके काळी नव्हती. ही यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, त्यांचे झिजलेले भाग बदलले गेले आणि वडिलांचे यंत्र मुलाने चालविण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. संगणकाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. विकत घेतल्यापासून थोड्याच वर्षांत तो ‘जुना’ ठरतो, कार्यालयाच्या कोपऱ्यात जातो आणि पुढे भंगाराच्या गाडीत चढतो. त्याचा कोणता भाग मंद झाला, तो बदलता येईल काय, हा प्रश्न विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अशा काळात चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांना अधिक स्मृती आणि अधिक वेगवान प्रोसेसर जोडून ते चालते ठेवणारी माणसे जगात आहेत, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. खिशातला साधा मोबाइल ज्याच्या हजारो पटींनी वेगवान आहे, त्या यंत्राचा वेग वाढवून मिळवायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे. परंतु या उद्योगाकडे केवळ छंद म्हणून पाहिल्यास त्यात दडलेला एक महत्त्वाचा धडा नजरेआड होतो. यंत्र कसे बांधले म्हणजे ते आपल्या काळापलीकडे टिकते, याचा तो धडा आहे. शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांना त्याची आज विशेष गरज आहे.

भारतीय शाळांतील पाहुणा

या धड्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकाइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने संगणक-साक्षरतेची मोहीम हाती घेतली आणि तिच्यासाठी केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने हे यंत्र तयार केले. डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आले, आणि जानेवारी १९८२ मध्ये त्याच्या जोडीने दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू झाली. ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत ते पोहोचले.

भारताचाही त्याच्याशी संबंध आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शालेय विद्यार्थ्यांना संगणकाची ओळख करून देणारी ‘क्लास’ ही योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे अडीचशे शाळा निवडण्यात आल्या, आणि त्या शाळांत जो संगणक गेला तो हाच होता. पंजाबातील मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी उपक्रमाने परवान्याखाली त्याची भारतीय आवृत्तीही काढली. आज पन्नाशीत असलेल्या काही भारतीयांनी संगणकाची पहिली कळ दाबली ती याच यंत्रावर. त्याचा फिक्या रंगाचा पेटीवजा देह आणि कळफलकाच्या माथ्यावरची लाल कळांची ओळ त्यांना अजून आठवत असेल.

बत्तीस किलोबाइटांचा संसार

या यंत्रात ६५०२ जातीचा, २ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर होता. स्वस्त ‘ए’ आवृत्तीत १६ किलोबाइट आणि ‘बी’ आवृत्तीत ३२ किलोबाइट स्मृती असे. आजच्या साध्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही याहून कितीतरी अधिक जागा लागते. ‘ए’ चे ‘बी’ करण्याचा मार्ग मात्र सोपा होता. स्मृतीच्या आठ चकत्या होत्या, त्यांच्याच शेजारी मोकळ्या ठेवलेल्या जागी आणखी आठ बसविल्या की स्मृती दुप्पट होई. एकदम सारे पैसे मोजणे ज्याला परवडत नसे, तो आज अर्धे यंत्र घेऊन उद्या ते पूर्ण करू शकत असे.

पण ३२ किलोबाइट म्हणजे सारीच्या सारी वापरणाऱ्याची नव्हेत. पडद्यावरील चित्रही याच स्मृतीत साठवले जाई. अक्षरांचा सर्वांत साधा पडदा १ किलोबाइटमध्ये भागे, तर बारीक किंवा बहुरंगी चित्राचा पडदा तब्बल २० किलोबाइट गिळून टाकी. यंत्राच्या स्वतःच्या कामकाजासाठी साडेतीन किलोबाइट राखीव असत; डिस्क जोडली की हा राखीव भाग सव्वासहा किलोबाइटांवर जाई. वजाबाकी केली तर उत्तम पडदा आणि डिस्क हे दोन्ही हवे असणाऱ्याच्या हाती पावणेसहा किलोबाइट उरत. भाडे, दूध आणि शाळेची फी दिल्यावर पगारातले जे उरते, त्यावर महिना काढणाऱ्या कारकुनाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मग स्मृती वाढवावी, तर तीही सहजासहजी वाढत नसे. ६५०२ या प्रोसेसरला पत्ते मोजण्यासाठी सोळाच तारा आहेत. त्यामुळे त्याला ६५,५३६ हून अधिक घरे ओळखताच येत नाहीत. त्यांतली निम्मी घरे स्मृतीची, चौथाई यंत्राच्या मूळ आज्ञावलीची आणि उरलेली चौथाई ‘बेसिक’ सारख्या भाषांची. गावातील सर्व घरांना क्रमांक देऊन झाले, आता नव्या कुटुंबाने राहावे कोठे, असा हा पेच होता. त्यावर उपाय निघाला तो एकाच क्रमांकाच्या घरात आळीपाळीने वेगवेगळी कुटुंबे ठेवण्याचा. भाषांसाठी राखलेल्या जागेत एकामागे एक अशा सोळा खोल्या कल्पिल्या गेल्या आणि गरजेप्रमाणे त्यांतली एक समोर आणण्याची सोय झाली. पडद्याचे चित्र दृष्टीआडच्या वेगळ्या स्मृतीत ठेवण्याची ‘शॅडो’ ची युक्ती याच जातीची. १९८५ च्या ‘बी प्लस’ मध्ये या युक्तीने ६४ किलोबाइट आणि १९८६ च्या ‘मास्टर’ मध्ये १२८ किलोबाइट स्मृती बसविण्यात आली.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. स्मृती वाढली म्हणून प्रोसेसर अधिक भराभर बेरजा करीत नाही. स्मृती वाढल्याने वाचतात त्या खेपा. मजकूर स्मृतीत मावत नसला म्हणजे त्याचे तुकडे करून ते बाहेरून आणावे लागतात. कॅसेटवरून सेकंदाला १२०० बिट या गतीने ३० किलोबाइटांचा कार्यक्रम यंत्रात भरण्यास चार-पाच मिनिटे लागत. तासिकेचा एवढा वेळ वर्गाने टेपरेकॉर्डरची किरकिर ऐकण्यात घालवायचा! ज्या स्वयंपाकघरात डबे ठेवायला जागा आहे, तेथे प्रत्येक चिमूट मिठासाठी वाण्याकडे धावावे लागत नाही. हात तोच, चूल तीच. तरी स्वयंपाक लवकर उरकतो. स्मृतीचे आणि वेगाचे नाते हे असे आहे.

‘ट्यूब’ ची योजना

स्मृतीहून प्रोसेसरचा प्रश्न अधिक बिकट होता. या यंत्रात प्रोसेसर आणि पडद्याचे चित्र रेखाटणारी यंत्रणा या दोघी एकाच स्मृतीतून आळीपाळीने वाचत. स्मृती सेकंदाला चाळीस लाख वेळा उत्तर देई. त्यांतले वीस लाख प्रोसेसरचे आणि वीस लाख पडद्याचे. दोन सुनांनी एकाच पाट्यावर पाळीपाळीने वाटण वाटावे आणि कोणाचाही खोळंबा होऊ नये, अशी ही नेमकी बेतलेली व्यवस्था. तीत एकीचा वेग वाढविला की दुसरीचा ताल चुकणार हे ठरलेले. तेव्हा मूळ प्रोसेसर उपटून तेथे वेगवान प्रोसेसर बसविणे हा सरळ मार्ग नव्हता.

परंतु हे यंत्र आखणाऱ्यांनी आधीच एक दार ठेवले होते. पेटीच्या तळाशी ‘ट्यूब’ नावाची एक जोडणी होती. तिला दुसरा प्रोसेसर त्याच्या स्वतंत्र स्मृतीसह जोडता येई. जोडताच कामाची वाटणी होत असे. मूळ यंत्र कळफलक, पडदा, डिस्क आणि छपाई सांभाळी. नवा प्रोसेसर एकाग्रपणे आकडेमोड करी. दोघांमध्ये ये-जा होई ती केवळ निरोपांची. मोठ्या कचेरीत बाहेरची खिडकी एकाने सांभाळावी आणि आतल्या खोलीत दुसऱ्याने शांतपणे हिशेब लिहावेत, तशी ही रचना होती.

या दारातून पुढे अनेक पाहुणे आले. ३ मेगाहर्ट्झचा दुसरा ६५०२ प्रोसेसर ६४ किलोबाइट स्मृती घेऊन आला. गती दीडपट झालीच, शिवाय पडदा कोणताही असला तरी त्यासाठी बांधलेल्या बेसिक भाषेत सुमारे ४४ किलोबाइट मोकळे मिळू लागले. पावणेसहाच्या जागी चव्वेचाळीस! झेड-८० जातीचा प्रोसेसर जोडला की हाच शाळकरी संगणक त्या काळच्या कचेऱ्यांतील ‘सीपी-एम’ प्रणाली चालवू लागे. पेटी तीच, कळफलक तोच. परंतु मेंदू दुसऱ्या जातीचा.

या दारातून आलेल्या सर्वांत मोठ्या पाहुण्याने तर जगाचा इतिहास बदलला. १९८३ मध्ये एकॉर्नमधील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर आखण्यास आरंभ केला. हाताशी मोठी साधने नव्हती. नियोजित प्रोसेसर कसा वागेल हे पडताळून पाहण्यासाठी त्याची प्रतिकृती बीबीसी बेसिक या शालेय भाषेत लिहिली गेली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चकती तयार होऊन हाती आली, ती बीबीसी मायक्रोला जोडण्यात आली आणि त्याच दिवशी चालू झाली. ‘आर्म’ हे तिचे नाव. आज जगातील जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. शाळेसाठी बांधलेल्या यंत्राला एक दार ठेवले नसते, तर ही वाट इतकी सुकर झाली असती काय, याचा विचार करण्यासारखा आहे.

नियम पाळणाऱ्यांचे फळ

दुसरा प्रोसेसर जोडल्यावर सगळे कार्यक्रम वेगाने धावू लागले असे मात्र नाही. काही धावले, काही पहिल्याच पावलाला कोसळले. त्याचे कारण उद्‌बोधक आहे. पडद्यावर ठिपका उमटविण्याचे दोन मार्ग असत. एक राजमार्ग: यंत्राच्या मूळ आज्ञावलीला रीतसर विनंती करायची आणि ते काम तिच्याकडून करवून घ्यायचे. दुसरी आडवाट: पडद्याचे चित्र स्मृतीच्या ज्या घरात असते, तेथे थेट हात घालायचा. आडवाट जवळची होती, म्हणून खेळ लिहिणाऱ्या अनेकांनी तीच धरली. पण दुसरा प्रोसेसर जोडला की कार्यक्रम राहावयास जातो दुसऱ्या घरात, आणि पडदा राहतो पहिल्यात. मग थेट हात घालणाऱ्याच्या हाती काय लागणार? राजमार्गाने जाणाऱ्याला मात्र घर बदलल्याचे कळतही नाही. त्याची विनंती निरोप्या पलीकडे पोहोचवितो आणि काम होते.

१९८४ साली आलेला ‘एलिट’ हा अंतराळातील व्यापाराचा खेळ या बाबतीत लक्षणीय आहे. इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी तो एवढ्याशा स्मृतीत बसविला. जागा आणि रंग यांचा मेळ साधण्यासाठी पडद्याचा वरचा भाग एका पद्धतीने व खालचा दुसऱ्या पद्धतीने रेखाटण्याची करामत त्यांनी केली. अशा करामतीला दाद द्यावी तितकी थोडी. तरीही दुसऱ्या प्रोसेसरसाठी त्या खेळाची वेगळी आवृत्ती काढावी लागली, हेही विसरता येत नाही. आडवाटेची हुशारी त्या दिवसापुरती तेजस्वी ठरते. नियमाने लिहिलेले काम पुढच्या काळालाही उपयोगी पडते. कचेरीतील फाइल असो वा शाळेतील दाखल्यांची नोंद, ती रीतीने ठेवणाऱ्याचे काम त्याच्यामागून येणाऱ्याला पुढे नेता येते, हा अनुभव कोणत्या कारकुनाला नाही?

नातू आजोबांच्या घरी

या कथेचा शेवट अधिक मनोज्ञ आहे. २०१२ मध्ये केंब्रिजमध्येच ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा स्वस्त संगणक जन्माला आला. मुलांनी संगणक केवळ वापरू नये, तर घडवावा, हा त्यामागील हेतू. बीबीसी मायक्रोचे ऋण मानून त्याच्या आवृत्त्यांनाही ‘ए’ आणि ‘बी’ अशीच नावे देण्यात आली. त्यात आर्म घराण्याचाच प्रोसेसर आहे. पुढे जुन्या यंत्राच्या चाहत्यांनी हा छोटा संगणक विजेच्या दाबाचा मेळ घालणाऱ्या एका लहानशा पट्टीमार्फत बीबीसी मायक्रोच्या ‘ट्यूब’ ला जोडला. तेथे तो ६५०२ चे किंवा झेड-८० चे सोंग घेतो आणि मूळ यंत्राच्या शंभर पटींहून अधिक वेगाने काम करतो. ज्या दारातून आर्म पहिल्यांदा जगात आला, त्याच दारातून त्याचा वंशज आजोबांच्या मदतीला परत आला आहे.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सारे काम नवा प्रोसेसर करणार असेल, तर वेगवान झाला तो कोण? जुने यंत्र तर केवळ दारावरचा पहारेकरी उरला! ज्याला १९८२ चा अनुभव जसाच्या तसा जतन करावयाचा आहे, त्याने मूळ यंत्राला हात लावू नये, हे खरेच. संग्रहालयातील यंत्रासाठी तोच न्याय योग्य आहे. परंतु ‘ट्यूब’ ची जोडणी ही त्या यंत्रावर कोणी नंतर केलेली शस्त्रक्रिया नव्हे. ती मूळ आराखड्यातच होती. आपल्यानंतर अधिक समर्थ कोणीतरी येईल, त्याला बसण्यास जागा हवी, हे आखणाऱ्यांनी गृहीत धरले होते. म्हणून ही वेगवृद्धी मूळ यंत्राशी प्रतारणा ठरत नाही. ती त्याच्या हेतूचीच पूर्ती आहे. जोडणी काढून घेतली की यंत्र पुन्हा पूर्ववत २ मेगाहर्ट्झने चालू लागते, हा आणखी एक गुण.

जाणकार एक व्यावहारिक इशाराही देतात. वेगाच्या मागे लागण्यापूर्वी यंत्राची प्रकृती पाहावी. या यंत्रांच्या वीजपुरवठ्याच्या भागातील जुने कपॅसिटर काळाने तडकतात आणि वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम चालू केले की धूर सोडतात. ते माहितगाराकडून आधी बदलून घ्यावे लागतात. म्हाताऱ्याला धावावयास लावण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी, एवढाच याचा अर्थ.

कपाटातील संगणकांचे काय?

हा सारा इतिहास आजच्या शिक्षकाने आणि कारकुनाने का लक्षात घ्यावा? कारण तोच प्रश्न निराळ्या रूपात त्याच्या टेबलापर्यंत आला आहे. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य सुस्थितीतील यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. त्यांचा कळफलक झिजलेला नाही, पडदा अंधुक झालेला नाही. दुसरीकडे अनेक नव्या लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य पट्टीवरच कायमची जोडून टाकलेली असते. ती वाढविण्याची वाटच ठेवलेली नसते. १९८१ च्या शालेय यंत्राला जे दार होते, ते आजच्या कितीतरी महागड्या यंत्रांना नाही, ही प्रगतीच्या नावाखाली झालेली पीछेहाट म्हटली पाहिजे.

या यंत्रांना बंदिस्त करण्याचे समर्थनही केले जाते. बंद पेटी पातळ होते, हलकी होते, वीज कमी खाते, आणि जोडण्या कमी म्हणजे बिघाडही कमी, असे निर्माते सांगतात. यात तथ्य आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने नव्या प्रणालींच्या काही अटी आवश्यक आहेत, हेही मान्य करावे लागेल. पण प्रवासात लॅपटॉप बाळगणाऱ्याची सोय आणि शाळेच्या खोलीत एकाच जागी दहा वर्षे उभ्या असणाऱ्या संगणकाची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. शाळेला पातळपणा नको आहे. तिला टिकाऊपणा हवा आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’ चा विचार करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि नियम कागदावर असून भागत नाही. खरेदी करणाऱ्यानेही योग्य प्रश्न विचारावयास हवेत. शाळेच्या किंवा कचेरीच्या संगणक-खरेदीच्या निविदेत किंमत आणि वेग यांच्या जोडीला आणखी तीन ओळी असाव्यात. स्मृती वाढविता येते काय? डिस्क बदलता येते काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती किती वर्षे मिळेल?

आणि जे संगणक आज मंद म्हणून कपाटात पडून आहेत, त्यांच्याबाबतही निकाल देण्यापूर्वी चौकशी व्हावी. पुष्कळदा दोष प्रोसेसरचा नसतो. स्मृती अपुरी म्हणून यंत्र सारखे डिस्कच्या खेपा घालीत असते, आणि ती डिस्क फिरत्या तबकडीची असल्याने प्रत्येक खेपेला खोळंबते. स्मृतीची एक पट्टी वाढविली, तबकडीच्या जागी घन-स्थितीची डिस्क बसविली आणि हलकी, मुक्त प्रणाली घातली, तर असे यंत्र पत्रलेखन, निकालपत्रके आणि विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आणखी काही वर्षे सहज चालू शकते. खर्च नव्या यंत्राच्या तुलनेत थोडा. शिवाय ते काम शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांसमोर झाले, तर संगणकाच्या पोटात काय असते याचा जो पाठ मिळेल, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही.

प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असा याचा अर्थ नव्हे. काही यंत्रे खरोखरच थकलेली असतात आणि त्यांना निरोप देणेच इष्ट असते. पण निरोप देण्यापूर्वी त्याचा कोणता अवयव दुबळा झाला आहे आणि त्याला मदतनीस देता येतो काय, एवढे तरी पाहिले गेले पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वी केंब्रिजमधील काही तरुण अभियंत्यांनी शाळकरी मुलांच्या यंत्राच्या तळाशी एक जोडणी ठेवली. ती कोण वापरील, कशासाठी वापरील, हे त्यांना सर्वस्वी ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी ती ठेवली, आणि एवढ्याशा दूरदृष्टीचे फळ अवघ्या जगाने चाखले. पुढच्या महिन्यात एखाद्या शाळेची खरेदी-समिती नव्या संगणकांची दरपत्रके पाहावयास बसेल, तेव्हा तिने त्या पेटीला दार आहे की नाही, एवढे तपासून घ्यावे.